माणसं तिकडे, निर्णय इकडे

जर्मनीत टॉवेल विकायला पहिला माणूस नेमायचं ठरलं तेव्हा जाहिरात मी स्वतः लिहिली. ऑनलाइन बाजारमंचांवरची दुकानं सांभाळायची, आमची वेबसाइट चालवायची, गुगलवरच्या जाहिराती बघायच्या, ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं द्यायची, मालाचे फोटो काढून घ्यायचे, गोदामवाल्याशी बोलायचं आणि महिन्याचा हिशेब करसल्लागाराकडे पोचवायचा. वर 'तरुण आणि उत्साही' हवा असंही लिहिलं. सोलापूरच्या आमच्या कारखान्यात एकटे दिवाणजी सुताच्या बिलापासून बँकेच्या हप्त्यापर्यंत सगळं बघतात, त्यामुळे एका माणसाकडून एवढं मागण्यात मला काही वावगं वाटलं नाही. तिथल्या वकिलांनी जाहिरात वाचली आणि आधी 'तरुण' खोडलं. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानुसार वयावरून उमेदवार निवडणं तिथे बेकायदा आहे, आणि नाकारलेला उमेदवार तेवढ्या एका शब्दावरून भरपाई मागू शकतो. तो शब्द गेला. कामांची यादी मी तशीच ठेवली, कारण तिच्याबद्दल वकील काही बोलले नाहीत. ते त्यांचं कामही नव्हतं.

आमचे माग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. वडिलांच्या काळापासून आम्ही जर्मनीतल्या आयातदारांना माल देत आलो. दर जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे ऑर्डरी घ्यायच्या आणि वर्षभर त्या पुऱ्या करायच्या. आयातदार आमच्या टॉवेलवर स्वतःचं लेबल लावतो आणि दुकानात तो किती युरोला विकला जातो हे आम्ही त्याच्या वेबसाइटवर बघतो. तो आकडा बघून बघून २०२२ मध्ये मनाने घेतलं की आता आपण थेट विकायचं. तिथे मर्यादित कंपनी काढायला २५ हजार युरो भांडवल दाखवावं लागतं, त्यातलं निम्मं नोंदणीच्या वेळी भरावं लागतं. ते भरलं. माल किती पाठवायचा, गोदाम कुठे घ्यायचं, कराचा क्रमांक कधी मिळेल, सगळ्याचा बारीक विचार केला. माणसाचा विचार फक्त पगार किती द्यावा लागेल एवढाच केला, आणि तोही चुकीचा. ठरलेल्या पगारावर मालकाने भरायचा सामाजिक विम्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होतो, हे पहिल्या महिन्याचा ताळा हातात आल्यावर कळलं.

शेवटच्या फेरीत दोन उमेदवार होते. एक बाई, गादी-उशांच्या एका कंपनीत ऑनलाइन विक्री बघणाऱ्या. व्हिडिओ कॉलवर आमची ओळख झाल्या झाल्या त्यांनी विचारलं, "किंमत कोण ठरवणार, मी की तुम्ही? ग्राहकाने माल परत केला आणि कारण पटलं नाही, तर पैसे द्यायचा निर्णय कुणाचा? महिन्याला जाहिरातीवर किती रक्कम मी न विचारता खर्च करू शकते?" मी म्हटलं, हे सगळं आपण मिळून ठरवू. त्या थांबल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही." शिवाय त्यांना रुजू व्हायला तीन महिने लागणार होते. कायद्याने तिथे नोकरदाराला चार आठवड्यांची सूचना द्यावी लागते, पण जबाबदारीच्या पदांच्या करारात तीन महिने सर्रास असतात. मला वाटलं, बाईंना फारशी इच्छा दिसत नाही. आणि प्रश्नांचा सूर मला उद्धट वाटला. आमच्याकडे नोकरी मागायला आलेला माणूस मालकाला अधिकार विचारत नाही.

दुसरा उमेदवार तिशीच्या आतला, लगेच मोकळा. प्रत्येक गोष्टीला 'जमेल' म्हणणारा. त्याला घेतलं.

त्या मुलाची बाजू आधी सांगतो, कारण पुढे मी त्याच्याशी जसा वागलो त्याचं ओझं अजून माझ्यावर आहे. तो आळशी नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने मला नेमक्या त्याच गोष्टी सांगितल्या ज्या पुढे आम्हाला महागात पडल्या. पहिली, उधारीची. जर्मन ग्राहकाला बिलावर खरेदी करायची सवय आहे. माल घरी येतो, तो बघतो, हात लावतो आणि मग ठरलेल्या मुदतीत पैसे भरतो. मधल्या काळाची जोखीम पैसे घेऊन उचलणाऱ्या कंपन्या तिथे आहेत. त्याने त्यांचे दर काढून पाठवले. मी नाही म्हणालो. अनोळखी माणसाला उधार माल कसला द्यायचा? सुताचा सगळा व्यापार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उधारीवर करतो, तोंडी शब्दावर लाखांचं सूत उचलतो, हे त्या क्षणी माझ्या मनात आलंच नाही. आमच्या वेबसाइटवर लोक टोपलीत टॉवेल भरायचे आणि पैसे भरायच्या पानावरून निघून जायचे.

दुसरी गोष्ट वेष्टनाची. जर्मनीत जो कुणी पॅक केलेला माल ग्राहकापर्यंत पहिल्यांदा आणतो, त्याने 'लुसिड' नावाच्या वेष्टन नोंदवहीत नाव नोंदवायचं असतं आणि पुठ्ठा-प्लॅस्टिकच्या वजनाप्रमाणे पुनर्वापराच्या यंत्रणेला पैसे भरायचे असतात. कायदा २०१९ पासूनचा. १ जुलै २०२२ पासून तर नोंदणी नसलेल्या विक्रेत्याचा माल बाजारमंचांनी विकायचाच नाही असं बंधन आलं. मुलाने हे लिहून कळवलं, पुन्हा आठवण केली. नोंदणी फुकट असते, पण ती कंपनीच्या नावाने आणि माझ्या संमतीने करायची होती. मी लग्नसराईच्या ऑर्डरींत बुडालेलो. 'बघतो' म्हणालो. त्याने आणखी एकदा विचारलं आणि मग विचारणं बंद केलं.

माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं. बाजारमंचाने आमची पानं बंद केली तो दिवस मला नुकसानीचा वाटला होता, पण ते नंतरचं. माणूस सांगायचं थांबतो तेव्हाच धंदा आतून बंद पडायला लागतो, आणि मालकाला ते कळत नाही, कारण रोजचे अहवाल वेळेवर येत असतात. मुलगा सांगेन तेवढं करत होता. मी सकाळी नऊला कार्यालयात येऊन भराभर संदेश पाठवायचो. तिथे तेव्हा पहाटेचे साडेचार-साडेपाच. रविवारी दुपारी विक्रीचा तक्ता मागायचो. रविवारची सुट्टी त्या देशाच्या राज्यघटनेने जपलेली आहे, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती कायद्याने द्यावी लागते. मी म्हणायचो, उत्तर सोमवारी दिलं तरी चालेल. पण मालकाचा संदेश रविवारी येऊन पडला की तो वाचलाच जातो, हे मी आयातदारांच्या बाबतीत स्वतः भोगलेलं होतं.

पानं बंद झाली तेव्हा मी कॉलवर, करसल्लागार हजर असताना, त्याला सगळ्यांसमोर झापलं. त्याने जुने ईमेल उघडून दाखवले नाहीत. नुसतं "ठीक आहे" म्हणाला. त्याच रात्री रागाच्या भरात मी त्याला कामावरून काढल्याचा ईमेल टाकला.

दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन. जर्मन दिवाणी कायद्यात नोकरी संपवायची तर कागदावर, शाईच्या सहीने, मूळ प्रत हातात पोचावी लागते. ईमेल, स्कॅन, व्हॉट्सॲप, काहीच चालत नाही. माझा ईमेल पाठवूनही मुलगा नोकरीत होता. सुरुवातीचे सहा महिने परीक्षेचा काळ असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर दोन्ही बाजूंना मोकळं होता येतं, पण माझं सही केलेलं पत्र कुरियरने सोलापूरहून निघून त्याच्या हातात पडेपर्यंत ती मुदत उलटून गेली. मग चार आठवड्यांची सूचना, आणि तीही तिथे महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला धरून मोजतात. दरम्यान आणखी एक गोष्ट उघड झाली. बाजारमंचावरच्या खात्यात शिरायचा सांकेतिक क्रमांक त्याच्या खासगी फोनवर येत होता. खातं उघडताना सगळ्यात सोपं म्हणून तसं केलं होतं, आणि मी त्याकडे बघितलंही नव्हतं. त्याने मनात आणलं असतं तर आमचं दुकान महिनाभर कुलूपबंद राहिलं असतं. त्याने प्रत्येक वेळी क्रमांक पाठवला. शेवटच्या दिवशी कामाचं प्रमाणपत्र मागितलं, जो तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा हक्क आहे, आणि तेसुद्धा मी बरेच आठवडे रखडवलं. पुढची नोकरी शोधताना त्याला ते लागणार होतं हे मला ठाऊक होतं.

रिकामी जागा मी भरली ती ओळखीतून. आपली माणसं परदेशात गेल्यावर हेच करतात, आणि बऱ्याचदा त्यातून खूप चांगलं निष्पन्नही होतं, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. सोलापूरचाच एक मुलगा तिथे एमएस करत होता. त्याच्या वडिलांचा आणि आमचा घरोबा. विद्यार्थी-नोकर म्हणून आठवड्याला २० तास असा करार केला. सत्र चालू असताना तेवढीच मर्यादा असते. सुरुवातीला सगळं करारात होतं. मग परतीचा माल तपासायला गोदामात जायचं निघालं, सणासुदीच्या विक्रीची तयारी निघाली, आणि मी फोनवर "अरे, एवढं बघ ना, घरचंच काम आहे" म्हणू लागलो. वरचे तास कुठेच लिहिले जात नव्हते. त्यांचे पैसेही नव्हते. १ ऑक्टोबर २०२२ पासून तिथे किमान वेतन तासाला १२ युरो झालं होतं, आणि माझ्या गावच्या मुलाला मी त्या वरच्या तासांचं शून्य देत होतो. माझ्या हिशेबात ती मदत होती.

नोव्हेंबरात एका रात्री त्याचा फोन आला. इकडची चौकशी केली, मग बराच वेळ गप्प राहिला.

"काका, एक बोलायचं होतं. रागावू नका."

"बोल की."

"माझ्या निवासाच्या परवान्यावर कामाची अट लिहिलेली आहे. तुमच्याकडे मी गेले कित्येक आठवडे तीस-पस्तीस तास करतोय. कुणी तपासलं तर तुम्हाला दंड होईल, पण मला परत यावं लागेल. बाबांनी शिक्षणाचं कर्ज काढलंय."

मी म्हटलं, मग जास्तीच्या तासांचं तू स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिल दे. हे मी उपाय म्हणून सुचवलं होतं. तो म्हणाला, "काका, विद्यार्थ्याला तसला व्यवसाय करायला वेगळी परवानगी लागते. माझ्याकडे नाही. आणि एकाच मालकाचं, त्याने सांगितलेल्या वेळी काम करून बिल देणं म्हणजे नोकरी लपवणंच धरतात इथे. मी विचारून आलोय."

विचारून आलोय. तो कुणाला तरी विचारून आला होता आणि मी त्याला कामाला लावण्याआधी कुणालाही विचारलं नव्हतं. परक्या मुलाच्या बाबतीत वकिलांना फोन केला असता. आपल्या मुलाच्या बाबतीत घरोब्यावर निभावून नेलं. वरचे सगळे तास त्याच्याकडून लिहून घेतले, करसल्लागारापुढे ठेवले, थकलेलं वेतन विम्यासकट भरलं आणि मर्यादा कुठे ओलांडली ते वकिलांच्या सल्ल्याने कळवूनही टाकलं. त्या मुलाला त्रास झाला नाही, याचं श्रेय मला नाही; त्याने वेळेवर तोंड उघडलं म्हणून. त्याच्या वडिलांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा झाला, आणि जाताना दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

यानंतर मी घाईने माणूस घेतला नाही. ग्राहकांच्या ईमेलसाठी अर्धवेळ एक बाई आधीच होत्या, त्या तेवढ्या राहिल्या. आणि त्या रिकाम्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा त्यांचे अहवाल ओळीन्‌ओळ वाचले. आधी आमच्याकडे ते पॅकिंगच्या मुलाला पाठवले जायचे.

त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या. एक, माप. आमच्या पानावर ७० बाय १४० सेंटीमीटर लिहिलेलं, तिथला अंघोळीच्या टॉवेलचा तो ठरलेला आकार. ग्राहक धुतल्यावर टेप लावायचे आणि चार-पाच सेंटीमीटर कमी भरल्याची तक्रार करायचे. आमच्या गुणवत्ता विभागाचं उत्तर कायम एकच, टेरीमध्ये पाच टक्के आटणं मापात बसतं. बाईंनी लिहिलं होतं की ते तुमच्या आणि आयातदाराच्या करारात बसतं, ग्राहकाने तो करार वाचलेला नाही. एकतर लांब विणा, नाहीतर पानावर धुतल्यानंतरचं माप लिहा. दुसरी गोष्ट त्याहून छोटी. जर्मन न्हाणीघरात टॉवेल खुंटीला अडकवतात, आणि त्यासाठी टॉवेलच्या कडेला शिवलेला एक बंद असतो. आमच्या ब्रँडच्या टॉवेलला तो नव्हता. आयातदारांच्या मालाला आम्ही वर्षानुवर्षं तो लावत आलो होतो, कारण ऑर्डरच्या कागदावर लिहिलेलं असायचं. स्वतःच्या मालासाठी ऑर्डरचा कागद लिहिणारं कुणी नव्हतं, म्हणून शिवणविभागाने तो गाळला. काही पैशांची पट्टी आणि एक टीप. बाईंनी हे पहिल्याच अहवालात लिहिलं होतं. माल परत येत होता, कायद्याने ग्राहकाला कारण न देता १४ दिवसांत करार मोडायचा हक्क असल्याने त्याचे पैसे आणि जातानाचा पोस्टखर्च आम्ही परत करत होतो, आणि मी तोपर्यंत जाहिरातीच्या शब्दांत दोष शोधत होतो.

त्या अहवालांची थप्पी पुढ्यात असताना मला पहिल्या उमेदवार बाईंचे प्रश्न आठवले. किंमत कोण ठरवणार, परतीचा निर्णय कुणाचा, किती रक्कम न विचारता. त्यांनी मुलाखतीतच माझ्या धंद्याची दुखरी नस पकडली होती. मी तिकडे कुणालाही नेमलं असतं, कितीही हुशार, तरी निर्णय सोलापूरच्या माझ्या टेबलावर येऊन पडले असते आणि तिथे धूळ खात राहिले असते. ऑनलाइन विक्रीत तर हे फारच घातक ठरतं. आयातदाराची ऑर्डर सहा महिन्यांची असते, आठवडाभर विचार केला तरी बिघडत नाही. बाजारमंचावर प्रतिस्पर्धी दुपारी किंमत उतरवतो आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही दुसऱ्या पानावर गेलेले असता. त्या बाईंना मी ईमेल लिहिला. त्यांनी सभ्यपणे कळवलं की त्या आता दुसरीकडे रुजू झाल्या आहेत.

सध्या आमचं काम बघणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या. एका मोठ्या दुकानाच्या न्हाणीघर विभागात वर्षानुवर्षं टॉवेलची खरेदी केलेल्या. दुकान बंद झालं म्हणून मोकळ्या. अर्जात 'डिजिटल' म्हणावं असं फारसं काही नव्हतं, आणि माझ्या पहिल्या जाहिरातीला त्यांनी अर्जच केला नसता. मुलाखतीला आमचे नमुने आधी मागवून, धुऊन, वाळवून, मापून आल्या. जाहिरातींची आणि पानांची यंत्रं त्या काही महिन्यांत शिकल्या, जे राहिलं ते बाहेरच्या एका छोट्या संस्थेकडून करून घेतात. टॉवेल बघून तो तिथे कुणाच्या घरात जाईल हे सांगणं शिकायला मात्र आयुष्य लागतं. त्यांच्या करारासोबत एक पानाचा कागद जोडला आहे. ठरलेल्या मर्यादेत किंमत त्या ठरवतात, परतीचे पैसे त्या ठरवतात, जाहिरातीची महिन्याची रक्कम त्यांच्या हातात. कायद्याने किमान २० दिवसांची रजा असते, तिथे रूढ असलेली ३० दिवसांची दिली आहे, आणि ऑगस्टात त्या गेल्या की निर्णय अर्धवेळ बाईंकडे जातात. माझ्याकडे येत नाहीत. खात्यांचे सांकेतिक क्रमांक कंपनीच्या फोनवर येतात. बिलावरची खरेदी त्यांनी रुजू झाल्यावर लवकरच सुरू केली, मला कळवून, विचारून नव्हे.

हे मला सोपं जात नाही. गेल्या दिवाळीआधी त्यांनी आमच्या सगळ्यात भारी टॉवेलची किंमत वाढवली आणि मी रात्रभर अस्वस्थ होतो. फोन हातात घेतला, ठेवला. सकाळी दिवाणजींना म्हटलं, तिकडच्या विक्रीचा तक्ता महिन्यातून एकदाच छापून द्या, रोज नको. तेव्हापासून संगणकावरचं ते पान दिवाणजींच्या खात्यातच उघडतं.

आता दुसरा माणूस घ्यायचा आहे. जाहिरात बाईंनी लिहिली आहे. त्यात एकच काम आहे, परत येणारा माल आणि त्याची कारणं बघायचं, आणि पगाराचा आकडा स्पष्ट लिहिलेला आहे. पगारातल्या पारदर्शकतेचा युरोपीय संघाचा २०२३ चा निर्देश सदस्य देशांनी जून २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा असल्याने उमेदवाराला पगार आधी सांगणं तिथे भागच पडणार. बाईंनी ते आधीच केलं. मुलाखती त्याच घेणार आहेत. मी शेवटच्या फेरीत बसावं की नाही, हे त्यांनी अजून कळवलेलं नाही.